बाविसावा अध्याय आणि साळवेबाई

आधी साळवेबाईंचं नाव लिहितो, मग पुढचं. नोकरीबद्दल लिहायचं तर सुरुवात साहेबांपासून करायची रीत आहे. पण साहेबांनी मला नोकरी दिली आणि साळवेबाईंनी ती टिकवली. देण्यापेक्षा टिकवणं अवघड असतं.

साळवेबाई नाशकात द्वारका चौकाजवळ आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. वडील रेल्वेत गँगमन. बुद्धविहाराजवळच्या त्यांच्या कॉलनीत पदवी घेतलेली ती पहिली मुलगी, हे मला त्यांच्या वडिलांनी सांगितलं. बाईंनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्या बोलायच्या कमी, आणि बोलल्या की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. बहुतेक वेळा चुकलेलं असायचंच.

मी भंडारा जिल्ह्यातला. वडील पितळेच्या भांड्यांवर ठोके मारायचे. त्यांचा उजवा हात मोडला आणि माझी नववी. तशीही मी त्या वर्षी इंग्रजी आणि गणितात नापास झालो होतो, तेव्हा शाळेचं फार नुकसान झालं नाही. मग गावच्या भांड्यांच्या खोक्यांबरोबर फिरत फिरत नाशिकच्या भांडीबाजारात पोचलो आणि तिथून, अक्षर बरं म्हणून, सोमणसाहेबांच्या ऑफिसात. ऑफिसात मला सगळे ‘नागपूर’ म्हणत. भंडारा वेगळा आहे हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. नाशिकच्या माणसाला जळगावच्या पलीकडे सगळं नागपूरच.

आमचं ऑफिस म्हणजे कस्टम्सच्या कागदांचं दुकान. कुणाला परदेशातून यंत्राचा भाग आणायचाय, कुणाला द्राक्षं पाठवायचीत. माल मुंबईच्या गोदीतून जायचा-यायचा, पण कागद इथे व्हायचे. त्या कागदांतली मुख्य गोष्ट म्हणजे एक आकडा. जगातल्या प्रत्येक वस्तूला सरकारच्या पुस्तकात एक घर दिलेलं असतं. आपली वस्तू कुठल्या घरातली हे ठरवायचं आणि तो आकडा लिहायचा. घर चुकलं की जकात चुकते, परवाना चुकतो, माल अडकतो. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि ते पुस्तक अजून नवंच होतं. साहेब म्हणायचे, गीता अठरा अध्यायांत आटोपली, सरकारला नव्व्याण्णव लागले.

त्यातला बाविसावा अध्याय पेयांचा. त्याची सुरुवात पाण्याने होते आणि शेवट शिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने. भानगडी सगळ्या मधल्या मजकुरात. लिक्युअर म्हणजे गोड दारू: मद्यार्कात साखर घालायची आणि फळ, फूल, मसाला, जे असेल ते. काही देशांत तिलाच कॉर्डियल म्हणतात. आपल्याकडे कॉर्डियल म्हणजे लिंबाचं सरबत. म्हणून बाटलीवरच्या नावाला भुलायचं नाही, हा माझा पहिला धडा. बाटलीत मद्यांश आहे का, किती आहे, ते प्यायचं आहे की औषध म्हणून घ्यायचं आहे, एवढंच विचारायचं.

विचारायला गेलं की माणसं मजेशीर उत्तरं देतात. पंचवटीतले एक वैद्यबुवा परदेशातल्या शिष्यासाठी अरिष्टाच्या, म्हणजे आंबवलेल्या काढ्याच्या, डझनभर बाटल्या घेऊन आले. यात मद्यांश आहे का, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, आहे, पण स्वयंभू आहे. साहेबांनी मात्रा विचारली. दोन चमचे. शिष्य किती घेतो? वैद्यबुवा म्हणाले, तो वाटीने घेतो. आम्ही औषधांच्या अध्यायात घातलं आणि दोन चमचेच लिहिले.

एकदा देवळालीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी लिक्युअर भरलेली चॉकलेटं घेऊन आल्या आणि ही चॉकलेटंच आहेत म्हणून तासभर भांडल्या. त्या बरोबर होत्या, ती चॉकलेटांच्या अध्यायातच जातात. आम्ही हे पहिल्या पाच मिनिटांत कबूल केलं होतं. पण त्या तयारी करून आल्या होत्या, त्यामुळे उरलेली पंचावन्न मिनिटं ऐकून घ्यावी लागली. त्या गेल्यावर साहेब म्हणाले, पोटात दारू असली तरी अंगावर चॉकलेट आहे ना, मग झालं. माणसांचंही आपण असंच करतो.

या सगळ्यात मी दारू चाखली नाही. निघताना आईने शपथ घातली होती. तेव्हा आयुष्यभर मी जिचं घर ठरवत आलो, तिची चव मला माहीत नाही. याचा मला थोडा अभिमान आहे. पण नाक मात्र तयार झालं. भांडीबाजारात कल्हईच्या वासावरून जस्त-शिसं ओळखायची सवय होती, तीच इथे कामाला आली.

सुरुवातीला सगळे नमुने वर बाईंकडे जायचे. मी बाटल्या घेऊन जिना चढायचो आणि बाई तपासत असताना दाराशी उभा राहायचो. एकदा त्यांनी न बघताच विचारलं, पुस्तकातलं इंग्रजी कळतं का? मी म्हटलं, आकडे कळतात. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत त्या मला बाविसाव्या अध्यायाचं इंग्रजी शिकवू लागल्या. माझं इंग्रजी म्हणूनच अजून विचित्र आहे. मला ‘किण्वन झालेलं पेय’ म्हणता येतं आणि ‘आज फार उकडतंय’ म्हणता येत नाही.

मग साहेबांनी हायड्रोमीटर आणला. प्रत्येक बाटली कशाला वर पाठवायची, आधी आपणच बघून घेऊ, असा त्यांचा विचार. हायड्रोमीटर म्हणजे एक काचेची कांडी, खाली जड फुगा, वर आकडे. साध्या पाण्यात ती शून्यावर तरंगते. दारू पाण्यापेक्षा हलकी, म्हणून दारूत ती बुडत जाते. जेवढी बुडेल तेवढी दारू कडक. कांडी शून्याच्या खाली गेली नाही तर मद्यांश नाही, असं साहेबांनी मला समजावलं आणि ती माझ्या ताब्यात दिली. मी ती रुमालात गुंडाळून ठेवायचो. नववी नापास माणसाच्या हातात काचेचं उपकरण आलं की तो जरा सरळ बसतो.

पुढची गोष्ट पिंगळेशेठची. त्यांचा सातपूरला फळांचा कारखाना. जांभळाचं सरबत करायचे, आणि नुकताच गोड दारूचा परवाना मिळाला म्हणून त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला जांभळाची लिक्युअरही करायला लागले होते. दोन्हींत जांभूळ, वेलदोडा, सुंठ. दोन्हींचा रंग तोच, बाटलीही तीच. फरक लेबलाचा, आणि लेबल शेवटी लागायचं.

सरबताची साठ खोकी आखातात जायची होती. मागवणारे इस्माईलभाई जुन्या नाशकातले, तिथे किराण्याचं दुकान चालवायचे. सुट्टीवर आले होते तेव्हा स्वतः ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि चहा घेतला. मग म्हणाले, “नागपूरभाऊ, कागद साफ ठेवा. मी परत गेल्यावर माल माझ्या नावाने उतरणार. तिथं दारूची एक बाटली निघाली तर चूक झाली म्हणून कुणी ऐकत नाही. मी सीधा आत. घरी अम्मी आणि तीन पोरी.”

मी म्हटलं, काळजी करू नका, मी स्वतः बघतो. हे वाक्य मी त्याआधी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं.

माल निघायच्या दिवशी सकाळी पिंगळेशेठच्या माणसाने एका खोक्यातली बाटली नमुना म्हणून आणून दिली. मी उघडली. नाकाने लगेच सांगितलं, काहीतरी आहे. वेलदोड्याच्या मागे, सुंठेच्या मागे, एक गरम धार होती. मी कांडी सोडली. ती बुडायच्या ऐवजी वर आली. शून्याची खूणसुद्धा रसाच्या बाहेर राहिली. मी दोनदा बघितलं. नाक एक सांगत होतं, काच दुसरं सांगत होती. नाक माझं होतं, नववी नापास. काच शाळेत गेलेल्या माणसांनी बनवली होती. मी काचेचं ऐकलं. ‘मद्यांश नाही’ असं लिहून फळांच्या सरबताचा आकडा टाकला, साहेबांची सही घेतली आणि ट्रक निघाला.

उरलेली बाटली टाकून देववेना. चांगलं जांभळाचं सरबत, उन्हाळ्याचे दिवस. मी ती बाईंसाठी वर नेली. एवढं शिकवतात, आपण काही दिलं नाही. दुपारी त्यांनी पेल्यात ओतलं, पाणी घालायच्या आधी पेला नाकाशी धरला आणि खाली ठेवला.

“हे कुठून आणलंत?”

मी सांगितलं. त्यांनी बाटलीतला रस मापून चंबूत घेतला, दिवा लावला, वाफ नळीतून गार करून दुसऱ्या भांड्यात धरली, पहिल्या मापापर्यंत पाणी घालून ते भरलं आणि मला म्हणाल्या, तुमची कांडी आणा. मी खालून रुमालातली कांडी आणली. यावेळी ती बुडाली. चांगली वीस आकड्यांपर्यंत बुडाली.

“साखर जड असते,” बाई म्हणाल्या. “ती कांडीला वर ढकलते आणि दारू खाली ओढते. दोघींच्या भांडणात कांडी कुठेही उभी राहते. गोड दारूत ती कधी थेट सोडायची नसते. आधी उकळून साखर मागे ठेवायची, मग मोजायचं. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

कुणी सांगितलं नव्हतं. ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं, पण ते माझ्या लक्षात पुष्कळ वर्षांनी आलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ट्रक गेला, इस्माईलभाई आत जाणार आणि मी भंडाऱ्याला. दोन्ही गोष्टी मला सारख्याच भयंकर वाटल्या, हे लिहायला आज लाज वाटते, पण खरं ते खरं. मी म्हटलं, बाई, साहेबांना सांगू नका, मी स्वतः गोदीत जातो, काहीतरी करतो. बाईंनी दिवा विझवला.

“काय करणार? गोदीत उभे राहून रडणार? चला खाली.”

जिन्यात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मी बोलेन. तुम्ही मधे बोलायचं नाही. माझ्याकडून चूक झाली तर लोक म्हणतील, चूक झाली. तुमच्याकडून झाली तर म्हणतील, नववी नापासाला ठेवल्यावर दुसरं काय होणार. माझ्याकडे पदवीचा कागद आहे. एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.”

साहेबांना त्यांनी सांगितलं की नमुना सकाळी त्यांच्याकडेच आला होता, घाईत त्यांनी न उकळता बघितला आणि तोंडी ‘काही नाही’ असं कळवलं. साहेब माझ्याकडे वळले आणि विचारलं, असं झालं का रे? मी मान हलवली. सांगितल्याप्रमाणे मधे बोललो नाही. आज्ञापालन इतकं सोपं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

साहेबांनी पिंगळेशेठना बोलावून घेतलं आणि मला शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे पिटाळलं, ट्रक कसाऱ्याला कुठे अडवता येईल का बघायला. तिथला कारकून वहीतून मान वर न करता म्हणाला, मुंबईला? ती गाडी विंचूरला गेलीय. अर्धी रिकामी होती, कांदा भरून मग मुंबई.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या या सवयीबद्दल मी तोपर्यंत कितीतरी तक्रारअर्ज लिहिले होते. त्यानंतर एकही लिहिला नाही.

पिंगळेशेठच्या जीपमध्ये आम्ही चौघं: शेठ, साहेब, बाई आणि मांडीवर चंबू, नळ्या, दिवा घेऊन मी. विंचूरच्या बाजारात ट्रक सापडला. आमची खोकी तळाशी आणि वर कांद्याच्या गोण्या, गळ्यापर्यंत. ड्रायव्हर म्हणाला, “गाडी अर्धी रिकामी न्यायची व्हय? कांदा बी जातोय, तुमचं बी जातंय. लय घाई हाय असं कुनी बोललं नाय मला.” शेठनी हमाल लावून गोण्या उतरवल्या. साठ खोकी कांद्याच्या टरफलात मांडली.

प्रत्येक खोक्यातली बाटली उकळायची तर दोन दिवस लागले असते. बाईंनी साठ खोक्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “सकाळी वास आला होता का?”

मी म्हटलं, आला होता.

“मग नाकाने वेगळी करा. एका खोक्यातल्या बाटल्या शेडच्या एकाच टोकाच्या असणार. शंका वाटेल ती मला द्या, मी उकळून बघते.”

मी एकेका खोक्यातली एक बाटली उघडून हुंगत गेलो. सभोवती कांदा, घाम, डिझेल. मधेमधे हमालाकडून पाणी घेऊन तोंड धूत होतो. बाई एका उलट्या खोक्यावर बसल्या होत्या. समोर दिवा, दिव्यावर चंबू, आणि नळी गार राहावी म्हणून एक हमाल तांब्याने पाणी सोडतोय. बघता बघता बाजारातले शेतकरी गोल करून उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, आमच्यात ह्याच्यासाठी रानात जावं लागतं, आन ही बाई बाजारात बसून काढती. गर्दी बघून हवालदार आला. त्याने चंबू बघितला, थेंब थेंब गळणारं भांडं बघितलं आणि बऱ्याच अदबीने विचारलं, “बाई, दिवसाढवळ्या?”

बाई कांडीवरचा आकडा वाचत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, “मी काढत नाही, शोधतेय. जिथे काढतात तिथे तुम्ही जा.”

हवालदाराने साहेबांचे कागद बघितले, प्रयोगशाळेचा शिक्का बघितला आणि शेवटपर्यंत तिथेच उभा राहिला. मला वाटतं त्यालाही निकालाची उत्सुकता होती.

अकरा खोकी निघाली. मी बारा वेगळी काढली होती. एक बाईंनी उकळून परत सरबतात ढकललं. म्हणजे नाकाची चूक एक, काचेची अकरा. अकरा खोकी कारखान्यात परत न्यायला शेठनी जीपमध्ये टाकली. उघडलेल्या बाटल्या वगळून उरलेल्या एकोणपन्नासचे नवे कागद साहेबांनी जीपच्या बॉनेटवर लिहून घेतले, आणि दिवस मावळायच्या आत ट्रक निघाला. वर कांदा होताच. इस्माईलभाईंचा माल बिनबोभाट उतरला.

आता यापुढचं. ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

साहेबांनी प्रयोगशाळेच्या मालकांना सगळं कळवलं, कळवणं भागच होतं. मालकांनी बाईंचा अहवालावर सही करायचा अधिकार काढून घेतला. वर्षभर तपासणी त्या करायच्या आणि खाली सही त्यांना ज्युनियर असलेला माणूस करायचा. तो माणूस एकदा आमच्या ऑफिसात चहा पिताना म्हणाला, सवलतीच्या पदव्या अशाच असतात. साहेब म्हणाले, तुला मी म्हणत होतो ना रे, बाहेरच्यांवर फार विसंबू नये. मी म्हणालो, हो साहेब.

जिन्यात बाई म्हणाल्या होत्या, माझ्याकडून चूक झाली तर लोक म्हणतील, चूक झाली. लोक तसं म्हणाले नाहीत. आणि ते तसं म्हणणार नाहीत हे त्या जिन्यातही बाईंना माहीत असणार, हे मला कळलं तेव्हा ‘हो साहेब’ म्हणून झालं होतं. खरं सांगायला मी पुढे कितीदा तरी साहेबांच्या टेबलापर्यंत गेलो. प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं काम आठवलं.

दोन वर्षांनी इस्माईलभाई सुट्टीवर आले आणि मला एक भारी पेन देऊन गेले. तुमचा कागद एकदम साफ, म्हणाले. मी ते पेन घेऊन वर गेलो आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडून बघितलं, एक रेघ ओढली, टोपण लावून परत दिलं.

“मला नको. परतफेड करायची असेल तर दहावी करा. पेन परीक्षेला लागेल.”

मी म्हटलं, करतो बाई. म्हटलं आणि राहिलं. आधी बहिणीचं लग्न, मग माझं, मग आकड्यांचं ते पुस्तक, टॅरिफ, नवं आलं आणि सगळे आकडे बदलले, तेव्हा वर्ष-दोन वर्षं मान वर करता आली नाही. बाईंची सही परत आली, पुढे त्या दुसऱ्या ठिकाणी गेल्या, निवृत्त झाल्या. आता पेठला लेकीकडे असतात. भेटायला गेलो की चहा देतात आणि तो विषय काढत नाहीत. काढत नाहीत, म्हणजे विसरलेल्या नाहीत.

सोमणसाहेब आता नाहीत, तेव्हा त्यांच्या टेबलापर्यंत जायचा प्रश्न उरला नाही. म्हणून इथे छापून सांगतो: त्या दिवशी नमुना साळवेबाईंकडे गेलाच नव्हता. कांडी मी सोडली होती, आकडा मी लिहिला होता.

या वर्षी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. शाळेतल्या मुलीने जन्मतारीख दोनदा विचारली, मग नातवासाठी भरताय का, असं विचारलं. सायन्सच्या पुस्तकात घनता शोधून काढली. साखरेबद्दल तिथे काही दिलेलं नाही, ते मी पेन्सिलने समासात लिहून ठेवलं आहे. इंग्रजीची भीती अजून आहे. पेनात नवी शाई भरली, ते चालतं. निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन पेठची एसटी धरीन आणि बाईंच्या हातात देईन. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वेळी, पण देईन.